अंगालगत लोकर

माझ्या तोंडात आता चार दात उरलेत. त्या चारही दातांची शपथ घेऊन, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, की यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक जरी खोटा निघाला तर चारही दात उद्याच्या ज्वारीच्या भाकरीत रुतून राहोत.

तर इंदूबाईनं बंडी उचलली, आतली बाजू बाहेर केली आणि तिच्यावर पाण्याचा भरलेला लोटा ओतला.

हे सगळं उत्तमरावांच्या जिनिंगच्या ओसरीवर, जमलेल्या बायकांसमोर. बंडी नवीकोरी होती. मांजरपाटाची, आत धुनकलेला कापूस, गादीसारखी टाचलेली, आणि छातीवर लाल दोऱ्यानं जिनिंगचं नाव. अशा चोवीस बंड्यांची चळत उत्तमरावांच्या शेजारी रचून ठेवली होती.

एप्रिल संपत आला होता. अकोल्याचं ऊन म्हणजे कसं, पत्र्यावर कावळा उतरला तर दोन पायांवर उभा राहत नसे, एकेक पाय आळीपाळीनं वर धरायचा. अशा उन्हात त्या बायका गरम कपडे बघायला जमल्या होत्या. कारण मुलींच्या शाळेतल्या बारा पोरी, कवायतीच्या शकुनबाईंच्या सोबत, मे महिन्यात हिमालयात चालल्या होत्या. तिथं वरच्या घाटात मे महिन्यातही कमरेइतका बर्फ असतो, आणि पायांना लांब लांब फळ्या बांधून त्याच्यावर घसरायला शिकवतात. चौसष्ट साल होतं. तोवर अकोल्यात घसरणं म्हणजे काळ्या मातीच्या चिखलात होतं तेवढंच लोकांना ठाऊक.

शिबिरवाल्यांकडून सामानाची यादी आली होती. तिच्यात लिहिलं होतं, अंगालगतचे गरम कपडे, दोन जोड. गरम म्हणजे कशाचे, ते काही लिहिलं नव्हतं. उत्तमराव जिनिंगचे मालक आणि शाळेच्या समितीचे अध्यक्ष. त्यांनी यादी वाचली आणि मांडीवर थाप मारली, की कापसाच्या गावातल्या पोरी दुसऱ्याचं का म्हणून घालतील. म्हणून या बंड्या. निघायच्या दिवशी सगळ्याजणी बंड्या घालून उभ्या राहणार आणि फोटो निघणार, असंही ठरलं होतं.

पाणी बंडीनं पिऊन टाकलं. खाली थेंब पडला नाही. इंदूबाईनं ती दोन्ही हातांवर तोलून उत्तमरावांपुढं धरली.

"उचलून पाहा भाऊसाहेब. पोट्ट्या फळ्या खांद्यावर घेऊन चढ चढतीन, घाम येईन. मंग वर उभ्या राहतीन, वारा लागन. हे असं ओलं गच्च अंगाले चिकटून राहिलं का आतल्या आत गारठून मरतीन. कापूस वरून चालते. अंगाले लागून लोकर पाह्यजे."

उत्तमराव काही वाईट माणूस नव्हते. हसले. म्हणाले, इंग्लंडच्या गोऱ्यांचं अंग वऱ्हाडच्या कापसानं झाकलं, तिथं काय बर्फ पडत नाही?

"गोऱ्यानं आतून काय घातलं होतं ते आपुन पाह्यलं काय?" इंदूबाई म्हणाली.

बायका पदरात तोंड घालून खिदळल्या. तेच नडलं. उत्तमरावांच्या तोंडावरचं हसू होतं तिथंच राहिलं, पण डोळे बदलले.

"बाई, तुह्या पोरीचं नाव यादीत घेतलं ना? मंग आता बाराजणींचे कपडेही तूच ठरवशीन काय?"

बोलणं साधंच होतं. पण बारांत इंदूबाईची शालू एकटीच गावाबाहेरच्या वस्तीतली होती, आणि त्या वाक्यात काय भरलंय ते ओसरीवरच्या प्रत्येकीला कळलं. एकही बाई वर बघेना. शकुनबाई तर आपल्या वहाणेचा अंगठा बघत बसल्या. इंदूबाईनं लोटा जागेवर ठेवला आणि निघाली. राग तिच्या टाचांपासून वर चढत होता. फाटकापर्यंत गुडघ्याला आला, स्टेशनच्या रस्त्याला लागेपर्यंत गळ्याशी.

आता ही इंदूबाई कोण, की जिला अकोल्यात बसून बर्फाचं कळावं? तर सगळ्या वऱ्हाडात थंडीची माहिती असलेलं एकच माणूस होतं, आणि ते हेच. स्टेशनाकडच्या बर्फाच्या कारखान्यात ती कामाला होती. मिठाच्या पाण्यात लोखंडी डबे बुडवून लाद्या जमवणं हे गड्यांचं काम. जमलेल्या लाद्या आकड्यानं ओढत कोठीत न्यायच्या, एकावर एक रचायच्या, वर लाकडाचा भुसा टाकायचा, गोणपाट घालायचं, हे इंदूबाईचं. बाहेर अंगाची लाही होतेय आणि कोठीच्या भिंतींवर पांढरी बुरशी धरल्यासारखा बर्फ. दिवसातून वीस वेळा आत, वीस वेळा बाहेर.

त्यासाठी तिनं एक जुनी घोंगडी कापून तिचं बिनबाह्यांचं झंपर शिवलं होतं. ते उघड्या अंगावर, आणि त्याच्यावर सुती चोळी. टोचायचं. पाठीवर पुरळ उठायचं. पण भिजलं तरी ऊब सोडायचं नाही. भर मे महिन्यात घोंगडी घालून रस्त्यानं जाणारी बाई बघून लोक तिला मेंढी म्हणायचे. कारखान्यातला मशिनवाला देवमन तर सकाळी जय भीम घातला की लगेच विचारायचा, इंदूबाई, यंदा कातरणी कधी? ती म्हणायची, तुही बायको आली का दोघींची संगंच करू.

घरी शालू चुलीपाशी फणफणत बसली होती. मॅट्रिकची परीक्षा दिलेली पोर, उंच, काटक, फळीवर उभी राहण्यासाठीच जन्माला आल्यासारखी. ओसरीवरची बातमी आईच्या आधी घरी पोचली होती.

"माय, तू काहून बोलली? आता माह्यं नाव काढतीन ते."

"काढू दे."

"मले जायचं हाय."

"मंग माह्यं झंपर आतून घालून जाय."

शालूनं सांगितलं, की मेंढीची पोरगी म्हणून मी तिथं जाणार नाही. मेले तरी चालेल, ते घालणार नाही. इंदूबाईचा हात उठला. उठला तो तसाच राहिला, कारण मेले तरी चालेल हे शब्द त्या घरात म्हणायचे नव्हते, आणि ते शालूलाही बोलल्याबरोबर कळलं.

कारखान्यातली नोकरी मूळची शालूच्या बापाची, मोतीरामाची. सात वर्षांपूर्वी, अशाच मे महिन्यात, मोतीरामानं सकाळभर लाद्या ओढल्या. लग्नसराई होती, मागणी फार. दुपारी अंगातली कापसाची बंडी घामानं निथळत होती. बाहेर ऊन सोसवेना म्हणून तो जरा गारव्याला कोठीतल्या भुशावर आडवा झाला. मशिनचा पट्टा तुटला होता, सगळे तिकडं धावले. कोणी कोठीत गेलंच नाही. दिवस कलताना दार उघडलं तर तो कुशीवर निजला होता, आणि बंडीच्या गाठी अर्ध्या सोडलेल्या होत्या. इंदूबाईला त्या गाठींचं फार नवल वाटलं होतं. गारठलेला माणूस कपडे गुंडाळून घेतो, सोडतो कशाला?

दवाखान्यात कागदावर लिहिलं, ऊन लागून. ती म्हणाली, ऊन नाही, थंडीनं गेला. लिहिणारा कारकून तिच्याकडं बघून हसला. अकोल्यात, मे महिन्यात, थंडीनं? कागद तसाच राहिला. तिनं नवऱ्याची जागा मागून घेतली, पहिल्या दिवशी कोठीत शिरली, आणि त्याच संध्याकाळी घोंगडीला कातर लावली.

दुसऱ्या दिवशी ती गाडीनं अमरावतीला गेली. तिथं पलटणीचा जुना माल विकणारा एक दुकानदार होता. त्याच्याकडं काड्यापेटी मागितली. त्याला वाटलं बाई विडी ओढणार, म्हणून त्यानं कौतुकानं दिली. बाईनं पहिल्याच कपड्याचा दोरा उपटला आणि पेटवला.

ते फलालीन होतं. मऊ, गालाला लावावं असं. दुकानदार म्हणाला, बाई, एकदम गरम माल. पण दोऱ्याला दिव्याच्या वातीचा वास आला. कापूसच तो, नुसता केसाळ केलेला. मग नायलॉनचं बनियन, नवी फॅशन. दोरा जळला नाही, त्याची टणक काळी गोळी झाली. मग एक स्वेटर, अर्धा वास वातीचा, अर्धा केसांचा. दुकानदार कळवळला, की बाई, तू माल घेऊन राहिली का दुकान पेटवून राहिली? ती ऐकायला थांबली नाही. ढिगात खांद्यापर्यंत हात घालून तिनं तळातून एक जोड ओढला. लांब बाह्यांचं बनियन आणि घोट्यापर्यंतची विजार, ताकासारख्या रंगाची, काखेत कसरीनं खाल्लेलं एक भोक. दोरा पेटवला. धग लागली तसा वळला, विझला, आणि जळक्या केसांचा दर्प नाकात गेला. निव्वळ लोकर.

मग तिनं ते मानेवर घासलं, कोपराच्या आत घासलं. टोचेना. ओढून पाहिलं, सोडलं की आपल्या मापावर येत होतं. सैल कपड्यात वारा शिरतो, आणि अंगाला चिकटून नसेल तर घाम ओढून घेत नाही, हे तिला कोठीनं शिकवलं होतं. असा आणखी माल आहे का विचारलं. एवढाच, म्हणाला. पण मुंबईहून मागवला तर आठ दिवसांत नवाकोरा येईल.

भोक रफू करून पाच दिवस तिनं ते स्वतः कोठीत घातलं. घामानं चिंब होईपर्यंत लाद्या ओढायची आणि मग मुद्दाम भिंतीला टेकून बसायची. ऊब टिकली. शालूनं हात लावून पाहिलं. मऊ होतं. पातळ होतं, बंडीच्या आतून दिसणारही नव्हतं. पोर हसली. म्हणाली, हे घालीन.

इथं दुसरी एखादी बाई थांबली असती. आपल्या पोरीचं झालं. इंदूबाईलाही वाटलं, की झालं. पण सहाव्या दिवशी कोठीत बसल्या बसल्या तिला ओसरीवरच्या बायका आठवल्या, खाली माना घातलेल्या. त्यांच्या अकरा पोरी. त्या बायकांचा तिला संताप होता. पण पोरींनी काय केलं होतं? ती तडक शकुनबाईंकडं गेली. शकुनबाईंनी सगळं ऐकलं, दोरा जाळून पाहिला, आणि म्हणाल्या, "मले पटते इंदूबाई. पण माह्यी नोकरी समितीच्या हातात हाय. मलेही एक बंडी देल्ली त्यायनं."

म्हणजे ही बाईसुद्धा गारठणार होती, नोकरी सांभाळून.

निघायला नऊ दिवस उरले असताना उत्तमराव आपणहोऊन बर्फाच्या कारखान्यात आले. पुतण्याचं लग्न होतं, सरबताला लाद्या हव्या होत्या. सोबत मुनीम, चार सोयरे. कारखान्यासमोर बर्फासाठी आलेल्या लोकांची ही गर्दी. इंदूबाई आकडा हातात घेऊन दारात आली, तशी उत्तमरावांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, काय इंदूबाई, अजून लोकरच म्हणतेस का?

ती म्हणाली, आत या. बंडी घालून या. दहा लाद्या ओढा, आणि मग एक तास माझ्यासमोर बसा. बसून दाखवलं तर मी माझ्या हातानं पोरीला बंडी घालते. नाही तर बाराजणींना लोकर.

त्या दिवशी पारा शेहेचाळीसला होता. अकोल्याच्या माणसाला शेहेचाळीसात कोणी बर्फाच्या कोठीत बसायला बोलावलं तर ती शिक्षा वाटेल का? उत्तमराव पोट धरून हसले. "तास काय, मुक्कामच टाकतो." सोयरे म्हणाले, आम्हीही येतो. मुनीम बंडी आणायला जिनिंगवर धावला आणि येताना पानाचा डबाही घेऊन आला.

पन्नाशीचे असले तरी उत्तमराव कापसाच्या गाठी उचलून वाढलेले होते. दहा लाद्या त्यांनी ओढल्या. घामानं बंडी पाठीला चिकटली. मग ते भुशाच्या पोत्यावर मांडी घालून बसले. समोर इंदूबाई, लोकरीचं बनियन, वर चोळी, पदर कमरेला. दारात देवमन घड्याळ घेऊन, आणि त्याच्या मागं गारवा खायला माना आत घातलेला सगळा गाव.

पहिला पाव तास उत्तमरावांनी पान खाल्लं आणि पुतण्याच्या सासऱ्याच्या गोष्टी सांगितल्या. लोक हसले. मग त्यांनी पाय जवळ घेतले. अर्ध्या तासानं सोयरे हळूच दाराबाहेर सरकले. उत्तमरावांचे दात वाजायला लागले, तर त्यांनी त्याचाही विनोद केला. मग दात वाजायचे थांबले. देवमनला वाटलं, सवय झाली. इंदूबाईला ठाऊक होतं, हे बरं नव्हे. त्यांनी सासऱ्याची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, आणि तिच्यातली माणसं एकमेकांत मिसळायला लागली.

मग दार उघडंच असूनही ते म्हणाले, "दार उघडा कोनी. गरम होऊन राहिलं." आणि बंडीच्या गाठी सोडायला लागले.

बोटं चालत नव्हती. पहिली गाठ सुटली, दुसरी सुटेना. इंदूबाई त्या बोटांकडं बघत राहिली. सात वर्षं तिनं मोतीरामाच्या सोडलेल्या गाठींचा अर्थ लावून पाहिला होता. कोणी झटापट केली का, श्वास कोंडला का. तर हे असं होतं. त्याला शेवटी गरम वाटलं होतं.

तिनं मनात पाचपर्यंत मोजलं. हलली नाही. ते पाच कोणाच्या नावानं मोजले ते तिचं तिला माहीत. मग ती उठली, आकड्याच्या टोकानं बंडीच्या गाठी तोडल्या, ती ओली बंडी सोलून काढली आणि झंपर बेतून उरलेली आपली कोपऱ्यातली घोंगडी त्या उघड्या अंगाला घट्ट गुंडाळली. देवमनला हाक मारली. दोघांनी उत्तमरावांना बाहेर उन्हात आणून बसवलं.

शेहेचाळीसच्या उन्हात, घोंगडी पांघरून, उत्तमराव परत कुडकुडायला लागले. गर्दीतून कोणी हसलं नाही. मुनीमच काय तो लोकांना मागं सारत ओरडत होता, की सरका, वारा येऊ द्या, भाऊसाहेबांना ऊन लागलं.

इंदूबाईनं आकडा जमिनीवर आपटला.

"ऊन नाही. थंडी म्हना. अकोल्यात, भर मे महिन्यात मानूस थंडीनं मरते. माह्या डोयापुढं मरून राहिलं होतं, आताच. आन् याच्या आधी एक मेला. मोतीराम त्याचं नाव. त्याच्या कागदावर ऊन लिहिलं तुमी. मी सात वर्सं सांगून राहिली, तुमी मले मेंढी म्हनता. आता म्हना. थंडी म्हना."

कोणी तरी मागून म्हणालं, थंडी. मग देवमन म्हणाला. मग दोन-चार जण. आणि उत्तमरावांनी घोंगडीतून थरथरते हात बाहेर काढले, जोडले, आणि म्हणाले, "इंदूबाई, तुमचं खरं हाय. बंड्या जानार नाहीत."

आठ दिवसांनी अमरावतीहून गठ्ठा आला. लोकरीची बनियनं आणि विजारी, प्रत्येकीला दोन जोड, शकुनबाईंनाही. छातीवर कोणाचंही नाव नव्हतं. फोटोही निघाला नाही. पोरी गेल्या. तिसऱ्या दिवशी वरच्या उतारावर वादळात सापडल्या, चिंब भिजल्या, अर्धा दिवस एका खडकाआड बसून राहिल्या. दुसरीकडच्या दोन पोरींना खाटेवर घालून खाली आणावं लागलं. अकोल्याच्या बाराजणी आपल्या पायांनी उतरल्या. शालू नाकाची सालटी काढून घरी आली आणि महिनाभर शेजाऱ्यांच्या पाटावर उभी राहून घसरायचं कसं ते वस्तीला दाखवत होती.

हे सगळं खरं. फक्त एक गोष्ट माझ्या पदरची आहे, ती सांगून टाकते. उत्तमरावांनी हात जोडले नाहीत. तुमचं खरं आहे, असंही म्हणाले नाहीत. मला वाटलं, म्हणायला हवं होतं, म्हणून मी म्हणवलं. झालं असं, की मुनीमानं त्यांना धरून टांग्यात बसवलं, आणि ते कोणाकडं न बघता घोंगडीसकट निघून गेले. घोंगडी परत आली नाही. गठ्ठा आला, पण कोणी पाठवला ते गठ्ठ्यावर लिहिलेलं नव्हतं.

टांगा वळणाआड गेला. लोक पांगले. इंदूबाई थोडा वेळ तशीच उन्हात उभी होती. मग तिच्या ध्यानात आलं, की कोठीचं दार मघापासून सताड उघडं आहे आणि उंबऱ्यावरून पाणी वाहतंय. तिनं आकडा उचलला, आत गेली, आणि दार ओढून घेतलं.